वरची ओल

पहाटे सव्वाचारला तिकडे नेब्रास्कात
संध्याकाळ असते. शर्यत तेव्हाच लागते.

स्टीअरिंग मी आईच्या शिलाई मशीनला आवळलंय,
दोन क्लॅम्प, मध्ये जुन्या चपलेचं रबर.
खाली मशीनचं पायडल डुलतं,
ब्रेक दाबला की पुढे पळतं,
म्हणून त्याला एक पेव्हर ब्लॉक लावलाय.
महापालिकेचा. परत नेऊन ठेवीन.

घणसोली गावात या वेळी
फक्त पाण्याची मोटार आणि मी जागी.

मातीचा ट्रॅक. भाकरी एका बाजूने ओढली
तर होईल तसा.
सगळी वळणं डावी.
आणि डावीकडे वळायचं तर
चाक उजवीकडे धरायचं.
हे कुणाला सांगितलं की लोकांना वाटतं
मी काहीतरी शिकवण देतेय.
तसं नाही. मागची चाकं बाहेर पळतात,
पुढची त्यांना हाक मारतात. एवढंच.

एकोणीस गाड्या. मी सतरावी.
माझी गाडी त्यांना पाव सेकंद उशिरा दिसते,
समुद्राखालून जाते ना.
म्हणून डॉब्सन, बियाण्यांच्या दुकानातला,
हेडफोनमध्ये म्हणतो,
मढवी, तू दिसतेस तिथे नसतेस.
त्याला काय सांगू. ऑफिसातही तेच म्हणतात.

बाबा खोकत उठले.
सव्वीस वर्षं तुर्भ्याच्या खाणीवर
टँकर चालवला त्यांनी, पाण्याचा.
डंपर जायचे तो रस्ता ओला ठेवायचा,
म्हणजे धूळ बसते.
रस्त्यावरची बसली.
बाकीची अजून निघते, पहाटे, बेसिनमध्ये.

माझ्या मागे येऊन उभे राहिले, खांद्यावर पंचा.
गाड्या त्यांनी बघितल्याच नाहीत.
पंधराव्या फेरीला म्हणाले,
"माती सुकली, पोरी."

खरंच, आतली वाट काळी पडली होती,
टायर घासून घासून तव्यासारखी गुळगुळीत,
आणि सगळे तिथेच, एकमेकांच्या शेपटीला,
रेशनचं दुकान उघडायच्या आधी असतात तसे.

"वर जा. भिंतीकरं ओल हाय अजून."
बाबा, भिंत आहे तिथे.
"हाय ना. भिंत हाय म्हनून कोन जात नाय.
कोन जात नाय म्हनून ओल हाय."

गेले.
भिंतीशी उडून साचलेल्या मातीचा वरंबा,
त्यावर उजवं मागचं चाक टेकलं,
दमलेलं माणूस पाठ टेकतं तसं,
आणि गाडी सुटली.
चौदा. बारा.
डॉब्सनचा दरवाजा, त्यावरचा आकडा,
मग नुसता त्याचा आवाज.
नऊ.
शेवटून दुसऱ्या फेरीला वरंबा संपला,
किंवा मी.
भिंतीने उजवी बाजू सोलून काढली.
अकरावी आले.

हेडफोन काढला तर ते विचारत होते,
"तिकरं पानी कोन मारतं?"
कुणी नाही, म्हटलं. आकडा असतो,
ओलावा इतके इतके टक्के.
"मानूस नाय?"
नाही.
पंचाचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.
"मंग धूल उरली तं शिव्या कोनला देतान?"

मग मी गाड्या काढून टाकल्या. सगळ्या.
ट्रॅक रिकामा, ओलावा शून्य, ऊन दुपारचं.
मशीनच्या स्टुलावर त्यांना बसवलं,
ब्लॉक जरा पुढे घेतला.

आठशे घोड्यांची गाडी,
त्यांनी वीसच्या वर नेलीच नाही.
वळणावर चाक सरळ डावीकडे,
कुणीही वळवेल तसं.
एक फेरी आतून. एक मधून.
एक भिंतीला लागून,
मध्ये कोरडा पट्टा सुटू न देता.
आणि दर थोड्या वेळाने
स्क्रीनवरच्या आरशात बघत होते,
मागे पाणी सारखं पडतंय का.